नाव खरवडलेलं गाणं

लेस्टरमधल्या त्या घराची बेल मी वाजवली तेव्हा दार लगेच उघडलं, पण आत कुणी बोलावलं नाही. दारात एक उंच, शिडशिडीत म्हातारे गृहस्थ उभे होते. कडक इस्त्रीची राखाडी पँट, पांढरा शर्ट, बोटभर रुंदीचा काळा टाय, आणि या सगळ्यावर फुलाफुलांचा बायकी एप्रन. चौकातला पोलीस गाडी थांबवतो तसा त्यांनी हाताचा पंजा माझ्यासमोर धरला आणि आतल्या गाण्याकडे कान देऊन तसेच उभे राहिले. मी भुरभुर पावसात सूटकेसची दांडी धरून पायरीवर. गाणं संपलं तशी त्यांनी मान हलवली आणि सोलापुरी हेल काढून म्हणाले, "ये आता. मधीच आत आली असतीस तर सुई उडाली असती बघ."

मी नागपूरहून इंग्लंडला नुकतीच आले होते. हॉस्पिटलच्या आयटी विभागात नोकरी लागली होती आणि इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी या घरातल्या भाड्याच्या खोलीबद्दल लिहिलं होतं. मी भाड्याचं विचारायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "ते सगळं हिच्याशी बोल. मला आधी चालून दाखव."

"म्हणजे?"

"ह्या पॅसेजमधनं. त्या टोकाला जा आणि परत ये."

मुलगी बघायच्या कार्यक्रमातसुद्धा मला कुणी चालून दाखवायला लावलं नव्हतं. पण बाहेर पाऊस होता आणि रात्री झोपायला जागा नव्हती, म्हणून चालले. मी चालत असताना ते माझ्याकडे बघतही नव्हते. पुढच्या खोलीत रेकॉर्ड प्लेअर होता, त्याच्या सुईवर त्यांची नजर होती. मी परत आल्यावर ते स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले, "टाच आपटत नाही! ठेवून घे हिला!"

आतून बायकी आवाज आला, "अहो, आधी तिला बसू द्या, चहा घेऊ द्या. घोडी विकत घेताय का?"

ते काका आणि त्या काकू. त्यांची नावं मला पुढे कळली, पण मी कधी वापरली नाहीत आणि इथेही वापरणार नाही.

पुढची खोली काकांची. तिथे सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर सात इंची रेकॉर्डी. प्रत्येकीच्या एका बाजूला एकच गाणं. एक भिंत सोलची, एक स्काची. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं गाणं, काळीज पिळून वर नाचायलाही लावणारं. स्का म्हणजे जमैकाचं, उड्या मारत चालणारं. एवढं ज्ञान मला पहिल्याच आठवड्यात मिळालं. दुसरं ज्ञान असं, की या खोलीत बसायचं नाही. मी एकदा दाराजवळच्या स्टुलावर टेकले, तर काकांनी गाणं थांबवलं.

"बसून ऐकायला काय प्रवचन आहे का? दिवसभर उभ्यानं राबणाऱ्या माणसांची गाणी आहेत ही. त्यांनी उभ्यानं म्हटली, आपण उभ्यानं ऐकायची."

रविवारी सकाळी रेकॉर्डींची आंघोळ असायची. सिंकमध्ये कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, आणि बाळाला न्हाऊ घालावं तसे काका बोटांच्या टोकांनी एकेक रेकॉर्ड धुवायचे, मग भांडी वाळवायच्या रॅकमध्ये ओळीने उभ्या करायचे. शेजारी काकू धुतलेलं पातेलं हातात धरून उभ्या. "हे मी कुठे ठेवू? तुमच्या टाळक्यावर?" काका टाळकं पुढे करायचे.

एकदा त्यांनी स्वयंपाकघराच्या लिनोलियमच्या जमिनीवर टाल्कम पावडर शिंपडली होती. नाचताना पाय सरकायला हवा, म्हणून क्लबांमधली पोरं अशी पावडर टाकायची म्हणे. काकांचा पाय सुरेख सरकला. मागून कणकेची परात घेऊन आलेल्या काकूंचाही सरकला. काकू वाचल्या, कणीक वाचली नाही. तेव्हापासून पावडरचा डबा काकूंच्या कपाटात, दागिन्यांच्या शेजारी, कुलपात असे.

मंडळात काकांची ख्याती वेगळीच होती. गणपतीच्या आरतीत ते टाळी उलटी वाजवायचे. म्हणजे सगळ्यांची टाळी पडून गेली की काकांची पडायची, दोन टाळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत. स्काचा ठेका तसाच असतो. गंमत अशी, की आजूबाजूची पोरं हळूहळू काकांच्या टाळीला लागायची, मग त्यांच्या आया, आणि शेवटच्या कडव्याला सगळा हॉल नकळत डुलायला लागायचा. अध्यक्षांनी वैतागून पुढच्या वर्षी काकांचे हात गुंतावेत म्हणून त्यांना घंटा दिली. ही अध्यक्षांची मोठीच चूक झाली. टाळी निदान पहिल्या दोन रांगांतच ऐकू जायची.

"काका, मुद्दाम करता ना?" मी विचारलं.

"अगं, टाळीवर टाळी काय सगळेच देतात. मधल्या जागेत कुणीतरी उभं राहायला नको का?"

काका साठच्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरहून विणकामाच्या मशिनरीचं शिक्षण घ्यायला आले होते. लेस्टर तेव्हा मोजे-बनियनांचं शहर होतं. कॉलेज मिळालं, खोली मिळेना. "फोनवर खोली रिकामी असायची," काका सांगायचे, "दारात गेलं की भरलेली." शेवटी हायफील्ड्स नावाच्या वस्तीत एका जमैकन माणसाने दार उघडलं. त्याचं नाव सेड्रिक, फाउंड्रीत काम करायचा. त्याने काकांना नखशिखांत न्याहाळून एकच प्रश्न विचारला, "वायरिंग येतं का?"

काकांना येत होतं. सेड्रिकच्या घरात कपाटाएवढे स्पीकर होते, त्याने स्वतः बनवलेले. शनिवार-रविवारी ते व्हॅनमध्ये घालून तो एका बुटांच्या दुकानाखालच्या तळघरात न्यायचा आणि रेकॉर्ड लावायचा. तोच क्लब. काका वायरी जोडायचे, ॲम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह बदलायचे आणि मग नाचायचे. गर्दी वाढली की भिंतींना घाम सुटायचा. ड्यूटीवरून थेट आलेल्या जमैकन नर्सेस, बारीक केस कापलेली, गॅलिस लावलेली गोरी पोरं, आणि त्यात सोलापूरचा एक. "वर रस्त्यावर आम्हाला 'ए' म्हणायचे," काका म्हणाले. "खाली सगळे नावानं हाक मारायचे. चुकीची का असेना, पण नावानं."

हे सांगताना त्यांचा एक पाय आपोआप हलायला लागायचा. पायाला गुडघेदुखी होती. त्या वेळी नसायची.

आता त्या गाण्याबद्दल.

सेड्रिक प्रत्येक नव्या रेकॉर्डवरचं नाव नाण्याने खरवडून टाकायचा. दुसऱ्या क्लबमधले लोक येऊन डोकावायचे, कोणतं गाणं आहे ते वाचायचे आणि तेच मागवायचे. नाव नाही म्हणजे चोरी नाही. तळघरात वाजणारी कितीतरी गाणी अशी बिननावाची होती. काकांनी त्यातली जवळपास सगळी पुढे हुडकून काढली. एक सोडून.

काकू लग्न होऊन बार्शीहून आल्या त्या ऐन डिसेंबरात. आल्यापासून गप्प. विचारलं तेवढंच उत्तर, बाकी खिडकीत उभ्या. काकांना काय करावं कळेना. एका रविवारी दुपारच्या नाचाला ते त्यांना तळघरात घेऊन गेले. लोक अजून जमत होते. सेड्रिकने एक रेकॉर्ड लावली. सुरुवातीला ट्रॉम्बोनचा पितळी सूर, मग एका मुलीचा आवाज.

"आणि ही हसली," काका म्हणायचे. "मी तिकडं वायर धरून उभा. लांबनं बघितलं. या देशात आल्यावर पहिल्यांदा हसली."

नाव विचारू कधीतरी म्हणून राहून गेलं. सेड्रिक रेकॉर्डी घेऊन जमैकाला परत गेला आणि काही वर्षांनी तिथेच वारला. ती गल्ली पाडून तिथे रुंद रस्ता झाला. काकांकडे उरली ती फक्त चाल. तेव्हापासून जिथे जुन्या रेकॉर्डी विकल्या जातात तिथे काका जाऊन ती चाल गुणगुणत होते. नोकरीत होते तेव्हा सुट्टी काढून, निवृत्त झाल्यावर बसच्या पासावर. मी एकदा त्यांच्याबरोबर नॉटिंगहॅमच्या रेकॉर्ड फेअरला गेले. मोठा हॉल, टेबलांवर खोकी, खोक्यांत बोटं चालवणारे पिकलेले लोक. काका आत शिरताच मार्टिन नावाचा एक विक्रेता, गालांवर भरघोस कल्ले असलेला, दोन्ही हात पसरून म्हणाला, "आलास? चल, गुणगुण."

काकांनी टाय सरळ केला आणि गुणगुणलं. मार्टिनने डोळे मिटून ऐकलं, अगदी मनापासून, आणि मान हलवली. "सॉरी, मेट." चेष्टा नव्हती त्यात. वर्षानुवर्षं चाललेला तो त्यांचा रामराम होता.

परत येताना ट्रेनमध्ये मी त्यांना माझ्या फोनवरचं ॲप दाखवलं. गाणं ऐकवलं की नाव सांगतं. काका हरखले. फोन तोंडाजवळ धरून त्यांनी गुणगुणलं. ॲपने एका लहान मुलांच्या बडबडगीताचं नाव सांगितलं. काकांनी फोन मला परत दिला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की ही गंमत नव्हती.

तरी त्यांनी त्या यंत्राचा नाद सोडला नाही. रविवारी सकाळी मी चहाला खाली आले की म्हणायचे, "आण तुझा तो फोन." अशाच एका रविवारी काका सिंकजवळ उभे राहून फोनला गुणगुणत होते, काकू पोळ्या लाटत होत्या, मी टेबलाशी. ॲपने पुन्हा काहीतरी भलतंच सांगितलं. आणि काकू, लाटणं न थांबवता, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तिथे कोमल गंधार आहे हो. तुम्ही शुद्ध लावता. त्या बिचाऱ्या यंत्राला काय कळणार?"

काका वळले. "काय म्हणालीस?"

"आणि दुसरी ओळ तर तुम्ही गिळूनच टाकता." मग त्यांनी ती चाल म्हटली. आधी ट्रॉम्बोनची, मग त्या मुलीची. बारीक पण लखलखीत आवाज, एकही सूर इकडेतिकडे नाही. मी या घरात राहायला लागल्यापासून काकूंना देवापुढेसुद्धा गाताना ऐकलं नव्हतं. बार्शीला त्या लग्नापर्यंत गाणं शिकत होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. काकांना माहीत होतं, पण ते विसरले होते.

"तुला येतं हे?"

"एकदाच तर ऐकलं. त्या दिवशी."

"आणि इतकी वर्षं मी... मग बोलली का नाहीस?"

"मला कुठे विचारलंत? दुकानदारांना विचारलंत, लंडनला जाऊन विचारलंत, त्या फोनला विचारलंत." तव्यावरची पोळी करपली होती. काकूंनी ती उचलून काकांच्याच ताटात टाकली.

पुढच्या रेकॉर्ड फेअरला काकूंना न्यावंच लागलं, कारण खरी चाल ऐकल्यावर काकांना दोन्ही चाली येईनाशा झाल्या होत्या. काकू साडीवर कार्डिगन, पायात लंडनला राहणाऱ्या मुलीने दिलेले खेळाचे बूट आणि हातात डब्याची पिशवी घेऊन त्या हॉलमध्ये आल्या. मार्टिनने हात पसरले. काकांनी मान खाली घालून सांगितलं, "आज मी नाही. माझी बायको."

काकूंनी पिशवी माझ्याकडे दिली, डोळे मिटले आणि म्हटलं. शेजारच्या टेबलावरची बोटं खोक्यांत थांबली. पलीकडचा एक म्हातारा हळूहळू जवळ आला. मार्टिनने चष्मा काढला.

"वन्स मोअर, लव्ह," तो म्हणाला.

काकूंनी परत म्हटलं. मार्टिन खुर्चीत मागे रेलला आणि हसत सुटला. ते एका चांगल्या माहीत असलेल्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं गाणं होतं. थोड्याच प्रती निघालेल्या पहिल्या आवृत्तीवर होतं, नंतरच्यांवर मागे दुसरंच काही घातलं. त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "मेट, तू इतकी वर्षं मला भलतंच गाणं ऐकवत होतास." काका कानापर्यंत लाल झाले. मला वाटलं रागावतील. पण ते काकूंकडे वळून एवढंच म्हणाले, "डबा आणलायस ना? मला भूक लागलीय."

मार्टिनने ती रेकॉर्ड शोधून पाठवायला दोनेक महिने घेतले. पार्सल आलं तेव्हा काकांनी ते उघडलं नाही. चार दिवस पुढच्या खोलीत तसंच. शेवटी रविवारी दाढी करून, टाय लावून त्यांनी काकूंना हाक मारली. मला म्हणाले, "तू पण ये, पण हलू नको." काकू हात पुसत आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

सुई टेकली. खरखर, मग ट्रॉम्बोन. काकूंनी म्हटलं होतं तंतोतंत तसंच. मग त्या मुलीचा आवाज आला, आणि काका काकूंकडे बोट करून म्हणाले, "इथं! इथं हसलीस तू."

"मी नव्हते हसले," काकू म्हणाल्या.

"मी बघितलं ना."

"दात वाजत होते माझे. थंडीनं. जिन्यापाशी उभी होते मी, वरून सगळा वारा येत होता. अंगात एक स्वेटर. तुमचा ओव्हरकोट तुम्ही त्या स्पीकरवर घातला होता, त्याला ओल लागू नये म्हणून."

गाणं चालू होतं, पण काका ऐकत नव्हते. इतका वेळ ताठ असलेले खांदे उतरले. माणूस उभ्या उभ्या म्हातारा होताना मी तेव्हा पाहिला. गाणं संपलं, सुई शेवटच्या वळणात खरखरत राहिली, आणि ज्यांनी आयुष्यात कधी सुईला एक फेरा जास्त फिरू दिलं नव्हतं, ते काका तिच्याकडे नुसते बघत राहिले.

"मग इतकी वर्षं मी कशामागं फिरत होतो?" ते म्हणाले.

काकूंनीच पुढे होऊन सुई उचलली. त्या प्लेअरला हात लावताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मग त्या काकांकडे न बघता, रेकॉर्डकडे बघत बोलल्या.

"घरी जाताना बस चुकली. चालत निघालो. धुकं होतं. तुम्ही पुढे, खांद्यावर वायरीचं भेंडोळं, आणि तेच गाणं गुणगुणत होतात. एक सूर धड असेल तर शपथ. आमच्या गुरुजींनी ऐकलं असतं तर तिथेच पेटी मिटली असती. मला इतकं हसू आलं, इतकं आलं, की पदर तोंडात कोंबला. तेव्हा हसले मी. तुम्ही पुढे होतात, तुम्हाला काय दिसणार?"

काकांनी वर पाहिलं. "मग सांगायचं नाही का मला? चुकतंय म्हणून?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नीट म्हणायला शिकला असतात," काकू म्हणाल्या, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेल्या.

काकांनी चष्मा काढून टायच्या टोकाने पुसला. मला म्हणाले, "तू ऑफिसला जात नाहीस का आज?" रविवार होता. मी "जाते" म्हटलं आणि वर माझ्या खोलीत गेले.

त्यानंतरही काका रेकॉर्ड फेअरला जात राहिले, फक्त काकूंना घेऊन. मार्टिन त्यांच्यासाठी दोन खुर्च्या ठेवायचा, काकू बसायच्या. पुढे मला मिल्टन कीन्सला नोकरी मिळाली, लग्न झालं, गोल चौकांच्या त्या गावात गाडी चालवायला शिकले. काका अधूनमधून फोन करून विचारायचे, "टाचा कशा आहेत?" मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात ते गेले. क्रिमॅटोरियमच्या हॉलमध्ये मंडळाचे लोक होते, मार्टिन होता, आणि मला अनोळखी असे हॅट घातलेले चार-पाच म्हातारे जमैकन. त्यातल्या एकाने काकूंचे दोन्ही हात हातात घेतले आणि काकांचं नाव घेतलं. अगदी चुकीचं, पण नाव.

काकू आता लंडनच्या विमानतळाजवळ, हाउन्सलोला मुलीकडे असतात. रेकॉर्डी त्यांनी मार्टिनच्या हवाली केल्या. तो त्या गाडीत भरताना काकू एकेक खोकं नीट ठेवायला लावत होत्या. गेल्या महिन्यात मी फोन केला तर मुलीने उचलला. ती इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. "आई घरात नाही," ती म्हणाली. "आई आता लायब्ररीच्या क्वायरमध्ये गातो. एव्हरी ट्यूजडे. बसने एकटा जातो, यू वोन्ट बिलीव्ह इट."

संध्याकाळी काकूंचाच फोन आला. मी म्हटलं, "काकू, किती छान! परत गायला लागलात."

"हो ना. मला पुढच्या रांगेत उभं करतात." मागून विमान गेलं, त्या थोडं थांबल्या. "बाई चांगली शिकवते. माणसं पण चांगली आहेत, चहाबिस्किटं देतात."

"मग आवडतंय ना?"

"आवडतं गं. पण सगळे सुरात गातात," काकू म्हणाल्या. "करमत नाही."